शिबिरात डोळा दाखवला, डॉक्टर म्हणले किडनी तपासा. असं का?

कापूसवाला_सेलू

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातून लिहायलोय, जिल्हा परभणी. अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल विचारायचंय.

अण्णांचं वय ५९. शुगर २०१३ ला निघाली. पायाला काच लागली होती, जखम दीड महिना भरेना म्हणून रक्त तपासलं तेव्हा कळलं. गोळ्या चालू आहेत, पण खरं सांगतो, पेरणीच्या अन् वेचणीच्या दिवसांत खाडे पडतात. तीन महिन्यांची सरासरी म्हणतात ती, एचबीए१सी, मागच्या वेळी ९.८ आली.

यंदा आडतीवरच्या पट्टीतले आकडे त्यांना डाव्या डोळ्यानं दिसंनात. गावात मोतीबिंदूचं शिबिर आलं होतं, तिथं नेलं. ते म्हणले मोतीबिंदू थोडाच आहे, पण पडद्यात काहीतरी वाटतंय, जालन्याला जा. जालन्याला डोळ्यात थेंब टाकले, तासभर बसवलं, मग आतला पडदा पाहिला. कागदावर दोन्ही डोळ्यांत डायबेटिक रेटिनोपॅथी (म्हणजे शुगरमुळं पडदा बिघडणं), मध्यम, असं लिहिलंय. डाव्या पडद्याच्या मधल्या भागावर सूज आहे, इंजेक्शन घ्यावं लागेल म्हणले. अन् खाली लिहिलं: लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, बीपी तपासून फिजिशियनला दाखवा.

अण्णा तिथंच तापले. "डोळ्यासाठी आलो अन् हे लघवी मागायलेत." गाडीत बसेपर्यंत तेच चालू होतं. मलाही उत्तर देता येईना.

जूनमध्ये क्रिएटिनिन केलं होतं, १.१ आलं होतं, कागदावर नॉर्मलच्या आत आहे. पायावर सूज नाही, लघवीला त्रास नाही. बीपी मात्र जालन्याला १५०/९० निघालं. गुडघ्यासाठी गावातल्या मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी घेतात, कामाचे दिवस असले की रोज.

डोळ्याचा अन् किडनीचा खरंच काय संबंध आहे? क्रिएटिनिन चांगलं असताना लघवी कशाला तपासायची? अन् वेचणी चालू व्हायलीय, हे सगळं दिवाळीनंतर केलं तर चालेल का?


निवृत्त_गुरुजी_उदगीर

बाळा, दिवाळीची वाट पाहू नकोस. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं, कारण आम्ही वाट पाहिली होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तुझ्या अण्णांकडं ठिबक असेल असं धरून सांगतो. ठिबकची मुख्य नळी जाड असते, तिला सहसा काही होत नाही. बिघडतात त्या शेवटच्या बारीक नळ्या आणि तोट्या. क्षारानं आतून कुठं बुजतात, कुठं चिरतात, कुठं नको तिथं पाणी झिरपतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की शरीरातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं असंच होतं. भिंत जाड होते, तिला आधार देणाऱ्या पेशी मरतात, मग ती कुठं फुगते, कुठं गळते. डोळ्याच्या पडद्यात अशा वाहिन्यांचं जाळं आहे. किडनीतही आहे. एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे अशाच बारीक वाहिन्यांचा गुंडाळा. पडद्यावर गळतं तेव्हा रक्ताचे ठिपके आणि पिवळे डाग दिसतात. गाळणीत गळतं तेव्हा रक्तात राहायचं प्रथिन लघवीत उतरतं.

फरक एवढाच की किडनीच्या नळ्या मातीखाली आहेत आणि डोळ्याची नळी उघड्यावर आहे. कुठंही चिरा न देता डॉक्टरला जिवंत रक्तवाहिनी नुसत्या नजरेनं पाहता येते अशी शरीरातली जागा म्हणजे हा पडदा. जालन्याच्या डॉक्टरांनी उघड्यावरची नळी गळताना पाहिली. आता मातीखालचीही उकरून बघा, असं ते म्हणाले. त्यांनी अण्णांवर उपकार केलेत, हे अण्णांना माझ्या नावानं सांग.

आता आमचं सांगतो. सौ. ची शुगर २००६ ची. २०१५ मध्ये तिला सुईत दोरा ओवता येईना. लातूरला दाखवलं. पडद्यावर नव्या, नाजूक वाहिन्या फुटायला लागल्या होत्या, तीन बैठकांत लेझर झालं. त्या डॉक्टरांनीही तुझ्यासारखंच कागदाच्या तळाशी किडनी तपासा म्हणून लिहिलं होतं. तो कागद मी घडी घालून फायलीत ठेवला. डोळा वाचला याच आनंदात होतो आम्ही. क्रिएटिनिन त्या वर्षी १.१ होतं. हो, तुझ्या अण्णांएवढंच. नॉर्मल लिहिलेलं वाचलं आणि फाईल मिटली.

२०१८ च्या सुमारास तिचं इन्शुलिन कमी लागायला लागलं. दिवसाचे ४२ युनिट लागायचे, ते २४ वर आलं, मग १४. रात्री घामाघूम होऊन उठायची, साखर ६० च्या खाली. त्या काळात आम्ही जांभळाच्या बियांची पूड सुरू केली होती. ती लागू पडली असंच आम्हाला वाटलं. मी शेजारपाजाऱ्यांना, माझ्या जुन्या सहकाऱ्यांना ती पूड करून वाटली.

ते बरं होणं नव्हतं. अंगातल्या इन्शुलिनचा बराच भाग किडनी मोडून संपवत असते. किडनी थकली की तेच इन्शुलिन रक्तात जास्त वेळ राहतं, म्हणून कमी पुरतं. साखर उतरत होती कारण किडनी जात होती. हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर! म्हणून इथं लिहितोय. तुमच्या घरात जुन्या शुगरवाल्याची साखर काही न बदलता आपोआप उतरायला लागली, तर पेढे वाटण्याआधी किडनी तपासा.

मग सकाळी डोळ्यांखाली सूज यायला लागली. हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात. तपासलं तर क्रिएटिनिन ४.६. आता २०२१ पासून मंगळवार-शुक्रवार डायलिसिस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतं, मशीनचे पैसे पडत नाहीत, पण उदगीर-लातूर येण्याजाण्यात दिवस जातो आणि परत आली की तिच्यात बोलण्याचीही ताकद नसते. पाणी दिवसाला मोजून. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा आम्ही सगळेच मोजून पाणी प्यायला शिकलो. पण भरलेला माठ समोर असताना मे महिन्यात घोटभरासाठी माझ्या तोंडाकडं बघणं वेगळं. ते बघवत नाही.

अण्णांची वेळ गेलेली नाही. लघवी तपासून घे.


लॅबताई_अंबाजोगाई

गुरुजी, वाचून गलबलून आलं. काकूंना नमस्कार सांगा.

दादा, मी लॅबमध्ये काम करते, क्रिएटिनिनबद्दल सांगते. हा आकडा उशिरा बोलतो. किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत तो नॉर्मलच्या आत राहू शकतो. शिवाय क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून येणारा, किडनीनं गाळून बाहेर टाकायचा कचरा, त्यामुळं एकच आकडा दोन माणसांत वेगळं सांगतो. ५९ वर्षांच्या पुरुषाचं १.१ म्हणजे गाळण्याचा वेग, ईजीएफआर म्हणतात तो, ७७ च्या जवळपास. पण त्याच वयाच्या बाईचं १.१ म्हणजे ५८ च्या आसपास, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली म्हणजे किडनीचा आजार धरतात. गुरुजी, काकूंचं २०१५ चं १.१ बहुतेक तसंच होतं. कागदावर स्त्री-पुरुषांना एकच मर्यादा छापलेली असली की हे निसटतं. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर लिहिलेला नसेल तर मागून घ्या.

लघवीची तपासणी सांगताना नाव नीट सांगा: यूरिन एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. गुरुजी म्हणले ते लघवीत उतरणारं प्रथिन म्हणजेच अल्ब्युमिन. नुसती "लघवी तपासा" म्हणलं की पट्टी बुडवून "अल्ब्युमिन निल" लिहून देतात. सुरुवातीची गळती पट्टीला कळतच नाही. एसीआर ३० च्या आत चांगला. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय, आणि हीच वेळ औषधाला सगळ्यात जास्त साथ देते. ३०० च्या वर म्हणजे जास्त.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी द्या. ताप असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल किंवा आदल्या दिवशी अंगमोड काम झालं असेल तर आकडा उगाच वर जातो. दिवसभर ओझी उचलून दुसऱ्या दिवशी नमुना देऊ नका, एक दिवस आराम करून द्या. जास्त आला तरी एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा जास्त आला तर पक्कं धरतात. आमच्याकडं पाचशेच्या आसपास लागतात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात याहून बरंच कमी.

साधी शुगर आणि बीपी उपजिल्हा रुग्णालयातल्या एनसीडी क्लिनिकला (शुगर-बीपीसारख्या आजारांचा विभाग) फुकट होतं, सेलूलाच बघा.


हिंगोलीची_मीरा

मला उलटं झालं, म्हणून लिहिते. माझी शुगर तीन वर्षांची. लघवीतून प्रथिनं भरपूर जात होती, फेस यायचा, पण पडदा एकदम स्वच्छ. नांदेडला किडनीच्या डॉक्टरांनी डोळ्याचा रिपोर्ट पाहिला अन् म्हणले, शुगर इतकी नवी, डोळा स्वच्छ, अन् एवढं प्रथिन, तर हे शुगरचंच असेल असं धरून चालणार नाही. बायोप्सी केली, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. आयजीए नावाचा वेगळा आजार निघाला, औषधही वेगळं. म्हणजे किडनीचा आजार कशामुळं आहे ते ठरवायलाही डोळा कामाला येतो.

पण कुणी उलटा अर्थ काढू नका. टाइप २ मध्ये डोळा स्वच्छ असूनही शुगरमुळं किडनी बिघडलेली माणसं बरीच असतात. डोळा चांगला म्हणून लघवी तपासायची नाही, असं नको.


गोदाकाठचा

एवढं कशाला? गोखरू, पुनर्नवा, पळसाची फुलं उकळून एकवीस दिवस द्या. आमच्या गावात लोकं बरी झालेत. इंजेक्शन डोळ्यात घेतल्यावर माणूस आंधळा होतो, मी पाहिलंय.


जिंतूरचा_केमिस्ट

भाऊ, डोळ्यातल्या इंजेक्शनबद्दल असं लिहू नका. कुणीतरी वाचून थांबेल. सूज मधल्या भागावर असताना नजर टिकवणारं आणि बऱ्याच जणांची सुधारणारं तेच औषध आहे. धोका असतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो, म्हणून ते ऑपरेशन थिएटरमध्ये देतात आणि नंतर डोळा दुखला, लाल झाला तर त्याच दिवशी बोलावतात. बहुतेक वेळा आंधळे होतात ते उशिरा आलेले, आणि दोष शेवटच्या इंजेक्शनवर जातो. काढ्याचं म्हणाल तर त्यात काय पडलंय हे लिहिलेलं नसतं. किडनी अशक्त असताना पोटॅशियम किंवा धातूची भस्मं पोटात जाऊन पेशंट दवाखान्यात भरती झालेला मी पाहिलाय.

सेलूकर दादा, गुडघ्याची गोळी आज बंद करा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, जी असेल ती. या गोळ्या किडनीकडं जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन त्यावर रोज ही गोळी, म्हणजे किडनीवर दुहेरी मार. माझ्या काउंटरवर वेचणीच्या दिवसांत या गोळीच्या पट्ट्या बिस्किटासारख्या जातात, मला ते विकताना बरं वाटत नाही. तोवर पॅरासिटामॉल अन् शेक, बाकी डॉक्टरांना विचारा.

औषधांचं थोडं: बीपीच्या गोळ्यांत रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटातल्या गोळ्या गाळणीवरचा दाब उतरवून गळती कमी करतात, म्हणून प्रथिन जात असेल तर डॉक्टर यातलीच देतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन थोडं वाढलं तर घाबरून स्वतः बंद करायची नाही. दुसरी डापाग्लिफ्लोझिन. साखरेची गोळी, पण किडनीचं आयुष्य वाढवते हे २०२० च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी आपल्याकडं तिचं पेटंट संपलं अन् किंमत खाली आली, आता गरीब माणसालाही झेपते. फक्त उलट्या-जुलाब असतील किंवा नवरात्रीचे कडक उपास धरायचे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.


निवृत्त_गुरुजी_उदगीर

केमिस्टभाऊंनी मोलाचं सांगितलं. सौ. सुद्धा कंबरेसाठी ती गोळी घ्यायची, मीच आणून द्यायचो.

सेलूकर, डोळा आधी की किडनी आधी हा प्रश्न तुझ्या मनात असेल, तर दोन्ही एकाच महिन्यात. बीपी चढं राहिलं आणि अंगात पाणी साचलं तर पडद्यावरची सूजही वाढते. इंजेक्शननं डोळ्यापुरतं काम होईल, पण बीपी १५० राहिलं तर ती सूज परत येत राहील.

आणखी एक. ९.८ वरून एकदम ६ वर आणायच्या मागं लागू नका. बऱ्याच वर्षांची चढी साखर झटक्यात उतरवली तर पहिल्या वर्षात पडदा काही जणांचा थोडा बिघडतो, हे १९९३ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या डीसीसीटी अभ्यासातही दिसलं होतं. पुढच्या वर्षांत मात्र साखर आटोक्यात ठेवलेल्यांचाच डोळा आणि किडनी टिकली. तर साखर उतरवायचीच, पण डोळ्याच्या डॉक्टरांना सांगून, दर दोन-तीन महिन्यांनी पडदा दाखवत. औषधाचे खाडे मात्र बंद. अण्णांना सांग, ठिबकला एक दिवस पाणी नाही सोडलं तर रोप तग धरतं, पण दर हंगामाला पंधरा दिवस सोडलं नाही तर काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.


कापूसवाला_सेलू

सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुमचा मजकूर मी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. बांगड्यांचं आलं तिथं माय उठून आत गेली. अण्णा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणले, "डब्बी कुठं मिळते ती? लघवीची."

दोन दिवस वेचणीला मजूर लावले, अण्णांना घरी ठेवलं अन् सकाळचा नमुना दिला. एसीआर १८६ आला. क्रिएटिनिन १.२. परभणीच्या फिजिशियननी टेल्मिसार्टन अन् डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं, पंधरा दिवसांनी पोटॅशियम सांगितलंय अन् तीन महिन्यांच्या आत एसीआर परत. दुखण्याची गोळी घरात होती तेवढी अण्णांनी स्वतः चुलीत टाकली. डाव्या डोळ्यातलं पहिलं इंजेक्शन मंगळवारी झालं. दुखलं नाही म्हणतेत.

मायलाही शुगर आहे, पाच वर्षं झाली. तिला नीट दिसतं म्हणून तिचा पडदा आजवर कुणी पाहिलाच नाही. लघवीही नाही. अण्णांच्या दुसऱ्या इंजेक्शनला जाताना तिलाही घेऊन जावं म्हणतोय. तिला दिसायला काही त्रास नाही, तरी थेंब टाकून तपासतील का?


निवृत्त_गुरुजी_उदगीर

तपासतील, आणि तपासायलाच हवं. टाइप २ मध्ये शुगर कळते त्याच वर्षी पहिली तपासणी करायची असते, मग दरवर्षी. पडदा मधोमध बिघडेपर्यंत नजर शाबूत राहते, म्हणून दिसण्यावर जाऊ नको. तिची एसीआरची डबी आदल्या दिवशीच आणून ठेव.

थेंब टाकल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. दोघांनाही गडद चष्मा ने. मायला जिन्यावरून उतरताना हात धर. आणि परतीला गाडी तू चालव, अण्णांच्या हातात देऊ नको, ते मागतील.